पाइप धुतल्याशिवाय खूण नाही

"मी खूण करणार नाही," मी म्हटलं आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. मोकळे ठेवले असते तर एखादा टेबलावर आपटला असता.

समोर टक्केसाहेब बसले होते. हे आमच्या डायलिसिस सेंटरचे मॅनेजर. खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण माणूस तोंड उघडलं की टक्क्यांतच बोलतो, म्हणून सिस्टर लोकांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'पाणी, दरमहा' या प्रोजेक्टखाली अकरा कामं होती. दहांपुढे हिरवी खूण होती. अकरावा चौकोन रिकामा होता आणि त्याच्यासमोर माझं नाव होतं.

"अकरापैकी दहा. नव्वद पूर्णांक नऊ टक्के," ते म्हणाले. "गुरुवारी तपासणी समिती येतेय. एका चौकोनापायी सगळं सेंटर लाल दिसायला नको. तुम्ही आज खूण करून टाका, पाइप पुढच्या आठवड्यात निवांत धुवा."

"धुतल्यावर करते."

"अहो, खूण केल्याशिवाय पुढच्या महिन्याचा प्रोजेक्ट तयारच होत नाही. सगळं अडकून पडलंय."

"पडू दे."

एवढा ताठा कशासाठी, ते माझं काम सांगितल्याशिवाय कळायचं नाही. किडनी निकामी झालेल्या माणसाचं रक्त मशीनमधून फिरवून स्वच्छ करतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याला पाणी लागतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. एका माणसाच्या एका बैठकीला सव्वाशे लिटर. ते पाणी शुद्ध करणारा प्लांट मागच्या खोलीत आहे. तिथून निघालेला पाइप चौदा मशीनना फेरी मारून परत येतो, आणि त्या खोलीची नि त्या पाइपाची मालकीण मी. एकोणीस वर्षं. पाणी कितीही शुद्ध असलं तरी पाइप आतून बुळबुळीत व्हायला लागतोच. म्हणून महिन्यातून एकदा त्यात औषध भरून तो धुवायचा, मग शुद्ध पाण्याने खळबळून काढायचा आणि औषधाचा अंश उरला नाही ना, ते कागदाच्या पट्टीवर बघायचं. सहा तासांचं काम. त्या सहा तासांत एकही मशीन चालत नाही. न धुतलं तर काय होतं? लगेच काहीच होत नाही, तिथेच सगळा घोळ आहे.

पूर्वी रविवारी सेंटर बंद असायचं. महिन्याचा पहिला रविवार माझा आणि पाइपाचा. पंधरा महिन्यांपूर्वी कामाचं ॲप आलं. टक्केसाहेबांनी सगळ्यांना बसवून शिकवलं, की जे काम पुन्हा पुन्हा करायचं असतं ते एकदाच लिहायचं, नंतर ते आपोआप समोर येत राहतं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं होतं. डोक्यावरचा भार उतरल्यासारखा वाटला. पाण्याचा प्रोजेक्ट मीच बनवला, अकरा कामं मीच एका बोटाने टाइप केली. शेवटी ॲपने विचारलं, हा प्रोजेक्ट पुन्हा कधी आणू? महिन्याच्या ठरावीक दिवशी, की आधीचा पूर्ण झाल्यावर तीस दिवसांनी? इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, आधीचं धुणं झालंच नसेल तर पुढचं कुठून मोजणार? म्हणून दुसरा पर्याय निवडला, आणि वर असंही वाटलं की काय प्रामाणिक ॲप आहे.

मग पेशंट वाढले आणि रविवारची पाळी सुरू झाली. सहा तास कुठून आणायचे? टक्केसाहेब म्हणायचे, "या रविवारी नको, पुढच्या बुधवारी बघू." तारीख बोटाने धरायची आणि पुढे ओढायची. ओढलेल्या तारखेला ॲप उशीर म्हणत नाही. मग कधीतरी जागा मिळाली की धुवायचं, खूण करायची, आणि तीस दिवस तिथून नव्याने सुरू. उशीर कुठे साठतच नव्हता. दर महिन्याला अहवाल यायचा, पाणी, शंभर टक्के वेळेवर. मीही तो बघून फुगायचे. एकोणीस वर्षांत मला शंभर टक्के कुणी दिले नव्हते.

डोळे उघडले ते वन्संमुळे. वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची धाकटी बहीण. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. आमचं भांडण वीस वर्षांचं आहे. ते कशावरून सुरू झालं हे आता दोघींनाही नीट आठवत नाही, पण चालू ठेवायला दोघी खंबीर आहोत. दोन वर्षांपासून वन्संना आमच्याच सेंटरमध्ये डायलिसिस लागतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पाळी, सहा नंबरचं मशीन. तिथे त्या मला ओळख दाखवत नाहीत. घरी मात्र सगळ्याचा हिशेब चुकता करतात.

त्या शनिवारी दुपारी त्या दोन रजया पांघरून आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"वहिनी, त्या तुमच्या सेंटरचा एसी तरी बंद करा, नाहीतर मला मशीनला लावताना या रजयांसकट लावा. मशीन सुरू झालं की अर्ध्या तासात हुडहुडी भरते. मीच नाही, चार नंबरवरचे गुरुजीसुद्धा कुडकुडत होते. आणि खिडकीजवळ त्या शिंपीणबाई असतात ना, त्यांचे परवा दात वाजत होते."

मला आधी सवयीने उलट उत्तरच सुचलं. एसी चोवीसवर असतो, असं मी म्हणणार होते, तोच मनात हिशेब जुळला. मशीन सुरू झाल्यावर थंडी, मग ताप, आणि घरी जाईपर्यंत उतार. एका आठवड्यात तिघांना. हे एसीचं लक्षण नाही, पाण्याचं आहे. कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडून हे घोटून घेतलं होतं.

मी वन्संना कधी नव्हे ते आत बसवलं, कपाळाला हात लावला, गरम चहा दिला. त्यांनी माझ्याकडे अशा संशयाने बघितलं, जणू चहात मी काहीतरी घातलंय.

रविवारी मी सेंटरमध्ये जाऊन ॲपमधले जुने प्रोजेक्ट एकेक करून उघडले आणि प्रत्येक धुण्याची खरी तारीख एका कागदावर लिहिली. पंधरा महिन्यांत पंधरा धुणी व्हायला हवी होती. अकरा झाली होती. शेवटच्या धुण्याला पंचावन्न दिवस उलटले होते. आणि प्रत्येक प्रोजेक्टच्या कपाळावर लिहिलेलं होतं, वेळेवर पूर्ण. मला रडू नाही आलं, संताप आला, आणि त्यातला निम्मा स्वतःवर होता. तो पर्याय मी निवडला होता. त्यानंतर डोळ्यांवर कातडं ओढून बसलेही मीच.

म्हणून सोमवारी हात खिशात होते.

"तिघांना थंडी वाजून आलीय," मी टक्केसाहेबांना म्हटलं.

"एकसष्टपैकी तीन. पाच टक्केसुद्धा नाहीत."

"त्यातली एक माझी नणंद आहे."

"मग तर तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"वन्संबद्दल? भावना? साहेब, तुम्ही आमच्या घरी कधी आला नाहीत."

ते हसले नाहीत. मी म्हटलं, "एवढीच घाई असेल तर खूण तुम्हीच करा. तुमच्याकडे सगळ्या चाव्या आहेत."

आता मात्र त्यांनी स्क्रीन परत आपल्याकडे वळवली. कारण कोणत्या चौकोनात खूण कुणी केली आणि किती वाजता केली, हे ॲप लिहून ठेवतं आणि ते कुणालाच पुसता येत नाही. त्यांना खूण हवी होती, पण माझ्या नावाची.

"उद्यापर्यंत विचार करा," ते शेवटी म्हणाले. "तुमच्या जागेवर माणूस मिळायला महिनासुद्धा लागणार नाही."

"माणूस मिळेल हो. पण धुतलेला पाइप कुठून मिळणार?"

खोलीबाहेर आल्यावर मला नोकरीची धास्ती वाटली, हेही सांगून टाकते. घरात माझा पगार मोलाचा आहे आणि या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार? मी तशीच मोठ्या सिस्टरांकडे गेले. मोठ्या सिस्टर म्हणजे सगळ्या परिचारिकांच्या प्रमुख, शब्द मोजून वापरणाऱ्या बाई. मी तारखांचा कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आमच्याकडे फक्त शुक्रवारी येतात. ते पलीकडून एवढ्या जोरात बोलले की मलाही ऐकू आलं, "पाण्याचा नमुना घ्या आणि धुवा! मला विचारत काय बसलात?"

मग आम्ही दोघींनी मंगळवारची सकाळ मोकळी केली. ज्या दोघांना दम लागायचा आणि थांबणं शक्य नव्हतं, त्यांना सिस्टरांनी सोमवारी संध्याकाळीच घेतलं, वरच्या मजल्यावर ठेवलेल्या फिरत्या मशीनवर, ज्याचं पाणी वेगळं असतं. बाकीच्यांना दुपारी या म्हणून फोन केले. टक्केसाहेबांना फोन केला नाही. राहून गेला असं म्हणणार होते, पण राहून नव्हता गेला.

मंगळवारी सहा वाजता मी पाण्याचा नमुना बाटलीत भरून मोहोरबंद केला, मुख्य व्हॉल्व फिरवला आणि पाइपात औषध सोडलं. त्याला उग्र आंबूस वास असतो. मला तो आवडतो. सातला पेशंटना आणणारी गाडी नेहमीसारखी येऊन ठेपली, कारण तो गाडीवाला कुणाच्याही सांगण्यावरून वेळ बदलत नाही. आठ-नऊ माणसं बाहेरच्या बाकांवर बसली. त्यांत वन्संही होत्या.

टक्केसाहेब नऊला आले. बाकांवर माणसं, आत चौदाही मशीन बंद. ते थेट प्लांटच्या खोलीत शिरले.

"हे कुणाच्या परवानगीने?"

"डॉक्टरांच्या. आणि माझ्या."

"ताबडतोब बंद करा. पाणी सुरू करा."

"पाइपात औषध आहे, साहेब. आता लाइन उघडली तर ते सरळ माणसांपर्यंत जाईल. आता तुम्ही म्हणालात तरी थांबता येत नाही आणि मी म्हणाले तरी नाही."

त्यांचा चेहरा पडला. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं. ते बाहेर गेले आणि बाकांसमोर उभं राहून मोठ्याने म्हणाले, "एका कर्मचाऱ्याच्या हट्टामुळे तुमची गैरसोय होतेय, त्याबद्दल सेंटर दिलगीर आहे."

कुणीतरी चुळबुळ केली. इतक्यात वन्सं उठल्या. दंडावरची पट्टी सावरत त्यांनी टक्केसाहेबांना पायांपासून डोक्यापर्यंत निरखलं. हे निरखणं मी वीस वर्षं सोसलंय. दुसऱ्याच्या वाट्याला येताना पहिल्यांदाच पाहत होते.

"एवढी घाई असेल तर या, सहा नंबर रिकामा आहे," त्या म्हणाल्या. "आधी तुम्हाला लावू. तासभर कुडकुडून दाखवा, मग मी बसते. आणि ती बाई हट्टी आहे हे आम्हाला नका सांगू. ती किती हट्टी आहे ते मला विचारा."

गुरुजी खोकल्यासारखं करून हसले. टक्केसाहेब त्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

पाइप खळाळायला लागला तशी मी बाहेर जाऊन त्या माणसांसमोर उभी राहिले. त्यांच्यापासून लपवून ठेवावं असं काही उरलं नव्हतं. "पंधरा वेळा धुवायला हवं होतं, अकरा वेळाच धुतलं गेलं," मी सांगितलं. "तारखा साहेबांनी पुढे ढकलल्या. पण ढकललेला उशीर ॲपमध्ये दिसणार नाही अशी सोय मीच करून ठेवली होती, आणि माझ्या लक्षात आलं नाही."

शिंपीणबाई ताडकन म्हणाल्या, "लक्षात यायला नको होतं? मला दोनदा ताप आला. मी मशीनवर बसून देवाचं नाव घेत होते."

"यायला हवं होतं," मी म्हटलं.

मग गुरुजींनी विचारलं, "उद्या तुम्ही इथे नसलात, तर आम्हाला कसं कळणार धुतलं की नाही ते?"

आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाने बरोबर नको तिथे बोट ठेवलं होतं. मी नसेन, हे माझ्या मनात घोळत होतं. पण त्यानंतर काय, हा विचार मी केलाच नव्हता.

ॲपमध्ये प्रत्येक प्रोजेक्टला एक रकाना असतो, सूचना कुणाकुणाला पाठवायच्या. पाण्याच्या प्रोजेक्टमध्ये तिथे दोनच नावं होती, माझं आणि टक्केसाहेबांचं. मी एक कोरा कागद आणला आणि म्हटलं, ज्याला हवं असेल त्याने आपला मोबाइल नंबर स्वतःच्या हाताने लिहावा. पहिला नंबर वन्संनी लिहिला, दुसरा शिंपीणबाईंनी.

साडेबाराला पट्टी पांढरीची पांढरी राहिली, म्हणजे औषध उरलं नव्हतं. मी ती मोठ्या सिस्टरांना दाखवली, आणि त्यांनी मशीन सुरू करायला सांगितली. मग मी संगणकापुढे बसले. खूण केली. खाली लिहायची जागा असते, तिथे सगळ्या अकरा तारखा लिहिल्या, सत्तावन्न दिवसांचा खंड लिहिला, आणि तीस दिवसांचा पर्याय मी निवडला होता हेही लिहिलं. मग तो पर्याय काढून टाकला. महिन्याचा पहिला रविवार, आधीचं झालेलं असो वा नसो. बुधवारपर्यंत रात्रपाळीचे पेशंट सोडून बाकी सगळ्यांकडे कागद फिरला, रात्रपाळीवाल्यांनी गुरुवारी आपणहून मागून घेतला. एकसष्टच्या एकसष्ट नंबर आले. शंभर टक्के.

समितीने गुरुवारी ते सगळं वाचलं आणि सेंटरवर शेरा मारला. शनिवारी पाण्याच्या नमुन्याचा अहवाल आला. जंतू मर्यादेच्या तिप्पट होते. सोमवारी मला पत्र मिळालं की शिस्तभंगाबद्दल माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला, संस्थेच्या गोदामात करण्यात येत आहे. काम हातमोज्यांची खोकी लावायचं. आमचे हे म्हणाले, "एक खूण केली असतीस तर?" मी म्हटलं, "मग कुडकुडणाऱ्या वन्संना दर वेळी गरम चहा तुम्हालाच द्यावा लागला असता." बहीण त्यांचीच आहे, शेवटी.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी वन्सं आमच्याकडे बसल्या होत्या. अलीकडे बसतात. भांडायला सोयीचं पडतं, म्हणतात. त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. 'पाणी, दरमहा. रविवारी पाइप धुणे. अजून पूर्ण नाही.' त्यांनी तो मोठ्याने वाचला, चष्मा पुसला आणि रविवारी पाइप किती वाजता धुणार ते विचारायला लगेच सेंटरला फोन लावला. लाइन व्यस्त होती. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा व्यस्त.

शुक्रवारी दुपारी माझा फोन वाजला. टक्केसाहेब होते.

"अहो, कालपासून माझा फोन थांबत नाहीये," ते म्हणाले. आवाज बसला होता. "एकेकाला सांगून दमलो. ती यादी बंद कशी करायची?"

"एकेक नाव काढता येतं. पण नाव काढलं की त्या माणसाला मेसेज जातो, तुम्हाला या प्रोजेक्टमधून काढण्यात आलं आहे म्हणून."

"आणि मी नुसती खूण केली तर?"

"तर एकसष्ट जणांना कळेल की पाइप तुम्ही धुतला. तुमच्या नावासकट, वेळेसकट. आणि रविवारी सकाळी त्यातले चौदा जण मशीनवर बसलेले असतील, म्हणजे पाइप धुतला नाही हे त्यांना दिसेलच."

समोर खोकी होती, पांढरी, एकावर एक. मला वाटलं होतं की या क्षणी मला हसू येईल. आलं नाही. मला वन्संच्या अंगावरच्या त्या दोन रजया दिसत होत्या.

"नवा टेक्निशियन पंधरा तारखेला येणार आहे," ते म्हणाले. "रविवारची पहिली पाळी मी बंद ठेवतो. तुम्ही येऊन धुवाल का?"

"येते. सहाला दार उघडं ठेवा. पण साहेब, पट्टी तुम्ही स्वतः बघायची. आणि खूण तुमच्या नावाने करायची."